डेबी रेनॉल्ड्स : उसना आवाज, स्वतःचे पाय

सप्रेम नमस्कार.

‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) हा हॉलिवुडचा संगीतपट आणि त्यातील नायिका डेबी रेनॉल्ड्स यांच्यावरील माझ्या लेखाला आपण इतकी सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की या चित्रपटाची कथा म्हणजे जुनी गाणी टांगण्यासाठी ठोकलेली खुंटी आहे. नायिकेला नृत्य येत नव्हते आणि आवाजही सर्वत्र तिचा नाही, त्यामुळे मी जिला तिची मोहिनी म्हणतो ती स्टुडिओने घडवलेली आहे. शिवाय दुसरीच्या आवाजावर मिरवणाऱ्या नटीची टर उडवणाऱ्या चित्रपटाने स्वतः तेच करावे, हा दांभिकपणा आहे. शेवटाकडील लांबलचक बॅलेने कंटाळा आणला, असेही आपण लिहिले आहे.

खुंटीची गोष्ट खरीच आहे. निर्माते आर्थर फ्रीड मूळचे गीतकार. संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन यांच्यासह त्यांनी पूर्वी केलेली गाणी गुंफून एक चित्रपट लिहावा, असे काम बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाकडे आले. शीर्षकगीतसुद्धा १९२९ मधल्या एका चित्रपटातले आहे. मात्र ही गाणी ज्या काळाची आहेत तो बोलपटांच्या आगमनाचा काळ, हे हेरून या दोघांनी कथानक १९२७ च्या हॉलिवुडमध्ये नेले, आणि गाण्यांपासून निघालेल्या कथेला स्वतःचा विषय मिळाला. असे असताना गाणी आधी सुचली की कथा, या प्रश्नाला मी फारसे महत्त्व देत नाही.

नृत्याच्या मुद्द्यावर मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. डेबी रेनॉल्ड्स टेक्सासमधील एल पासोची. १९४८ मध्ये तिने ‘मिस बरबँक’ ही स्पर्धा जिंकली आणि त्यातून ती चित्रपटांकडे वळली. १९५१ मध्ये या चित्रपटाचे चित्रीकरण झाले तेव्हा ती १९ वर्षांची होती. कसरतीचे अंग होते, पण नर्तिका ती नव्हती. तिच्या एका बाजूला चित्रपटाचा नायक आणि सहदिग्दर्शक जीन केली, दुसऱ्या बाजूला लहानपणापासून रंगमंचावर वाढलेला डोनाल्ड ओकॉनर, आणि या दोघांच्या पावलाला पाऊल लावण्यासाठी हाताशी जेमतेम काही महिने. केली यांचे वागणे तिच्याशी कठोर होते, हे त्यांनी स्वतः पुढे मान्य केले. पियानोखाली बसून रडत असताना विख्यात नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांनी तिला पाहिले आणि आपली तालीम बघायला बोलावले, ही आठवण ती पुढे सांगत असे. अस्टेअर आपली तालीम सहसा कोणाला पाहू देत नसत. त्यांनाही घाम गाळावा लागतो हे त्या मुलीला तिथे दिसले.

आता ‘गुड मॉर्निंग’ हे गाणे पुन्हा पाहावे, अशी विनंती आहे. स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत, रेनकोट नाचवत, जिन्यावरून, आणि अखेरीस सोफ्यावर पाय देऊन तो मागे कलंडवत तिघे जातात. त्याचे चित्रीकरण सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालले आणि संपले तेव्हा डेबीच्या पायांतून रक्त येत होते. पडद्यावर केली आणि ओकॉनर यांची सहजता तिच्याकडे नाही, हे मला आपल्याइतकेच दिसते. तिची हनुवटी जरा जास्त वर असते आणि प्रत्येक ठेका चुकवायचा नाही हा निर्धार चेहऱ्यावर वाचता येतो. पण तिने साकारलेली कॅथी सेल्डन तरी कोण आहे? मेजवानीत केकमधून उडी मारून बाहेर येणारी, दोन नामवंतांच्या बरोबरीला नुकतीच येऊ पाहणारी कोरसमधली मुलगी. पात्राची अवस्था आणि नटीची अवस्था येथे एकच आहे, आणि माझ्या मते तिच्या मोहिनीचे मूळ याच ठिकाणी आहे. एखादी कसलेली नर्तिका या भूमिकेत अधिक सफाईने नाचली असती, पण कॅथी म्हणून ती मला पटली नसती.

मोहिनी घडवलेली असते, हे तर चित्रपट स्वतःच उघडपणे दाखवतो. प्रेम व्यक्त करण्यासाठी नायक कॅथीला रिकाम्या स्टुडिओत नेतो, तिला शिडीवर उभे करतो, रंगीत दिवे लावतो, धुके आणि वारा सोडतो. सगळी यंत्रे आपल्या डोळ्यांदेखत चालू होतात आणि तरीही गाणे सुरू झाले की मन विरघळते. युक्ती कळल्याने जादू संपत नाही, अशी या चित्रपटाची धारणा दिसते.

आवाजाबाबत वस्तुस्थिती आपण मांडलीत त्याहूनही मजेदार आहे. कथेत कॅथी लीना लमाँटला, म्हणजे बोलपटाला न शोभणाऱ्या कर्कश आवाजाच्या मूकपटांतल्या नटीला, आवाज देते. प्रत्यक्षात ‘वुड यू?’ या गाण्यातील कॅथीचा आवाज बेटी नॉइज या गायिकेचा आहे, आणि लीनासाठी कॅथी जे संवाद बोलते असे दाखवले आहे, ते चक्क लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांच्याच मूळ, भारदस्त आवाजात आहेत. म्हणजे हेगन यांना आवाज देणाऱ्या डेबीला हेगन यांनीच आवाज दिला! पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांनी उसन्या आवाजाला दोष देणे मला अवघड वाटते. दांभिकपणा असलाच तर तो श्रेयनामावलीत आहे. हा आवाज खरा कोणाचा हे पडदा वर करून प्रेक्षकांना सांगणे, हा ज्या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू, त्याच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइज यांचे नाव नाही. आपल्याकडे त्याच सुमारास वेगळे काही घडत नव्हते. ‘महल’मधील (१९४९) ‘आयेगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. आपला आक्षेप या दिशेने असेल, तर मी आपल्या बाजूचा आहे.

बॅलेविषयी वाद नाही. त्यातील नर्तिका सिड चॅरिस यांचे नृत्य अप्रतिम आहे, परंतु दहा मिनिटांहून अधिक काळ कथा खोळंबून राहते आणि मला तर दर वेळी घड्याळाकडे पाहावेसे वाटते. त्या संपूर्ण भागात डेबी रेनॉल्ड्स नाही, एवढे मात्र आपण लक्षात घ्यावे.