पोलादी पाटीवरचा नेम : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लक्ष्य म्हणून टांगलेल्या पोलादी पाट्यांवरील रायफल सरावाच्या माझ्या लेखावर आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : पाटी वाजली की नेमबाज खूश होतो, पण गोळी नेमकी कुठे लागली हे त्याला कळत नाही, म्हणून हा सराव नसून करमणूक आहे, गोळीचे तुकडे उलटून अंगावर येतात, आणि असे लेख वाचून उद्या मुंबईत कोणीतरी दारूखान्याच्या भंगार बाजारातून जाड पत्रा आणून गच्चीत टांगेल. शिवाय लेखातल्या फोटोतील पाटीवर खड्डे दिसतात, असेही आपण नोंदवले आहे.

फोटोपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. मधोमध दिसणारे करडे डाग खड्डे नव्हेत. शिसे पाटीवर आपटून फुलासारखे पसरते आणि पांढरा रंग उडवते, त्याच्या त्या खुणा आहेत. परंतु फोटो मोठा करून पाहिल्यावर उजव्या खालच्या कडेला एका डागाच्या काठावर सावली दिसली, आणि सपाट पृष्ठभागावर अशी सावली पडत नाही. तो खड्डाच आहे, आणि ती पाटी त्या दिवशी वापरायलाच नको होती.

हे मला तरी कळायला हवे होते. अमेरिकेत मेहुण्यांकडे राहिलो असताना तिथल्या एका रेंजवर .22 रायफलने सराव करताना गोळीचा नखाएवढा तुकडा पँट फाडून माझ्या नडगीत रुतला होता. पाटी साध्या मऊ पोलादाची, खड्ड्याखड्ड्यांची आणि अगदी उभी टांगलेली होती. कठीण, सपाट पाटीवर शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे तुकडे बहुतांशी पाटीच्या पृष्ठभागाला लगटून कडेकडेने उडतात. खड्ड्यात मात्र तेच तुकडे वाटीच्या कडेवरून वळावेत तसे वळून नेमबाजाच्या दिशेने येऊ शकतात. म्हणून रायफलसाठी ब्रिनेल मापाने सुमारे 500 कठीणपणाचे पोलाद वापरतात, पाटीची वरची कड नेमबाजाकडे सुमारे 20 अंश झुकवतात, म्हणजे तुकडे जमिनीकडे जातात, आणि मोठ्या काडतुसांच्या रायफलला निदान 100 यार्डांचे अंतर ठेवतात. डोळ्यांवर गॉगल तर हवाच, बघ्यांच्याही.

यावरूनच दारूखान्यातल्या पत्र्याचे उत्तर मिळते. तिथे मिळणारा नेहमीचा एमएस (साध्या मऊ पोलादाचा) पत्रा कितीही जाड असला, तरी त्याचा कठीणपणा वर सांगितलेल्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच असतो, आणि जाडी वाढवल्याने खड्डे पडायचे थांबत नाहीत. एअर रायफलच्या छर्‍याने त्याला खड्डा पडणार नाही हे खरे, पण तो शिशाचा छर्रा जवळच्या अंतरावरून टणकन उलटून येतो. 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेने छर्रा सोडणाऱ्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, पण म्हणून चारी बाजूंनी खिडक्या असलेल्या इमारतीच्या गच्चीत ती चालवावी असा अर्थ कोणी काढू नये. हे लेखात लिहायचे राहिले. आपला आक्षेप पूर्ण मान्य.

करमणुकीचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे पाटीचा काही उपयोग नाही, आणि तसा दावा मी केलेलाही नाही. पण सगळी नेमबाजी एकच प्रश्न विचारत नाही. बायथलॉनमध्ये बर्फावर स्की करत, धापा टाकत आलेला खेळाडू 50 मीटरवरून पालथे पडून 45 मिलिमीटरच्या आणि उभ्याने 115 मिलिमीटरच्या लक्ष्यावर .22 रायफल चालवतो. तिथे लागली की नाही, एवढेच विचारायचे असते. मेक्सिकोत रुजलेल्या पोलादी आकृत्यांच्या खेळात 200 मीटरवर कोंबडी, 300 वर डुक्कर, 385 वर टर्की आणि 500 वर मेंढा उभा असतो, आणि नुसती पाटी वाजून भागत नाही, ती बैठकीवरून पडावी लागते. मेंढा नुसता हलून पुन्हा स्थिर झाला की जी चुटपुट लागते, तिला करमणूक म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

आपण न मांडलेला एक दोष मीच सांगतो. तिकडून परतल्यावर मुंबईत 10 मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर सराव सुरू केला, तर पहिल्या दहापैकी सात छर्रे डावीकडे खाली. चाप ओढल्यावर क्षणभर तसेच स्थिर राहण्याऐवजी आवाज ऐकायला डोके गालपट्टीवरून उचलण्याची खोड लागली होती. 500 मीटरवरच्या पाटीचा आवाज परत यायलाच सुमारे दीड सेकंद लागतो; कान त्याची वाट पाहू लागला की मान आपोआप वर येते. ही खोड मोडायला मला तीन महिने रोज ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या रायफलचा नुसता चाप ओढण्याचा सराव, करावे लागले. पाटीवरचे दर सत्र कागदावर दहा गोळ्या झाडून संपवावे, असे मी आता सांगतो. मूळ लेखात ते नव्हते.

खड्डा असलेला फोटो आज काढला आहे. त्या जागी पाटी साखळीने कशी टांगायची आणि तिचा कल कोणत्या बाजूला ठेवायचा, याचे रेखाचित्र रविवारपर्यंत टाकतो. त्यात काही चुकले तर कृपया पुन्हा लिहावे.