फ्लेमिंगची फी चर्चिलच्या बापाने भरली नव्हती

शिक्षक दिन जवळ आला की आपल्याकडे एक गोष्ट फिरायला लागते. निपाणीतल्या भावकीच्या ग्रुपवर येते, तिथून खानापूरच्या माजी विद्यार्थ्यांकडे जाते, तिथून बेळगावातल्या गल्लीच्या मंडळावर, आणि एक दिवस एखाद्या मराठी शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर बोधकथा म्हणून वाचलीही जाते.

गोष्ट अशी. स्कॉटलंडमधल्या फ्लेमिंग नावाच्या गरीब शेतकऱ्याने दलदलीत रुतलेल्या एका मुलाला वाचवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराशी घोडागाडी येऊन थांबली. मुलाचे वडील बक्षीस द्यायला आले होते. शेतकऱ्याने पैसे नाकारले. तेवढ्यात झोपडीतून त्याचा पोरगा बाहेर आला. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "याला मी माझ्या मुलासारखंच शिकवतो." तो पोरगा म्हणजे पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग. वाचलेल्या मुलाला पुढे न्यूमोनिया झाला आणि पेनिसिलिननेच तो बरा झाला. तो मुलगा विन्स्टन चर्चिल, आणि गाडीतून आलेले गृहस्थ लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल. खाली जोडलेले हात, "कर भला तो हो भला", दहा जणांना पाठवा.

माझं औषधाचं दुकान आहे. पेनिसिलिनचं नाव आलं म्हणून लोक हा मेसेज मला कौतुकाने दाखवतात. यात खरं एवढंच आहे की फ्लेमिंगचे वडील शेतकरी होते आणि चर्चिलला न्यूमोनिया झाला होता. बाकीचं एकेक घेऊ.

"गरीब शेतकरी, झोपडी, दलदल." फ्लेमिंगचा जन्म 6 ऑगस्ट 1881 चा, स्कॉटलंडच्या एअरशायर भागात, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर. वडिलांनी ते खंडाने घेतलेलं होतं, सुमारे 800 एकर, पण बहुतेक सगळं मेंढ्या चारायचं माळरान. श्रीमंती नव्हती, तशी झोपडीही नव्हती. वडील ह्यू फ्लेमिंग वारले तेव्हा अलेक, म्हणजे अलेक्झांडर, सात वर्षांचा होता. म्हणजे ही सुटका झालीच असेल तर त्याआधी व्हायला हवी. विन्स्टन 1874 चा, त्यामुळे वयाच्या हिशेबात हे अगदीच अशक्य नाही. पण नोंद कुठेही नाही. चर्चिल स्वतःबद्दल लिहिताना हात आखडता घेणारा माणूस नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या तळ्यात पोहताना आपण कसे बुडता बुडता वाचलो हे त्याने आत्मचरित्रात रंगवून लिहिलंय. तिथे स्कॉटलंडचा शेतकरी नाही आणि दलदलही नाही.

"शिक्षणाचा सगळा खर्च लॉर्डने केला." सगळी गोष्ट या वाक्यावर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल 24 जानेवारी 1895 ला वारले. फ्लेमिंग वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या कॉलेजात गेला 1901 मध्ये. माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती, फी कोण भरणार? मृत्युपत्रात तरतूद असेल म्हणावं, तर रँडॉल्फची बहुतेक मालमत्ता कर्ज फेडण्यातच गेली.

मग पैसे आले कुठून? ही हकिगत आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, इतकी ती ओळखीची आहे. वडील गेल्यावर शेत आईने आणि थोरल्या सावत्र भावाने सांभाळलं. दुसरा सावत्र भाऊ टॉम डॉक्टर होऊन लंडनला होता. 1895 मध्ये, तेरा-चौदा वर्षांचा असताना, अलेक त्याच्याकडे राहायला गेला. एकेक करून आणखी भावंडं आली आणि सगळी एकाच बिऱ्हाडात राहू लागली. खानापूर-चंदगडकडची पोरं मुंबईला गेली ती अशीच गेली. आधी थोरला, मग त्याच्या खोलीवर धाकटा. अलेक काही दिवस पॉलिटेक्निकमध्ये शिकला आणि मग एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. चार वर्षं तेच काम केलं. आवडत नव्हतं, पण करत राहिला. 1901 मध्ये बिनलग्नाचे काका जॉन फ्लेमिंग वारले. त्यांच्या मालमत्तेतून अलेकच्या वाट्याला 250 पौंड आले. टॉम म्हणाला, कचेरी सोड, डॉक्टरकीला जा. काकांचे 250 पौंड, भावाचा सल्ला, आणि परीक्षेत नंबर काढून स्वतः मिळवलेली शिष्यवृत्ती, एवढ्यावर तो डॉक्टर झाला. सेंट मेरीजच का, तर त्या कॉलेजच्या संघाविरुद्ध आपण एकदा वॉटर पोलो खेळलो होतो, नाव माहीत होतं, असं कारण तो स्वतःच सांगायचा. शिकून झाल्यावर तो तिथेच संशोधनात राहिला, त्यातही नेमबाजीचा हात होता. कॉलेजच्या रायफल क्लबला हा चांगला नेमबाज सोडायचा नव्हता. बोधकथेत यातलं काहीच बसत नाही. खरी माणसं अशीच अडनिड्या कारणांनी कुठे कुठे पोचतात.

त्याच्या गावच्या माळावरची लहानशी शाळा, डार्व्हेलची शाळा, किल्मारनॉकची अकादमी, हे सगळं कुणा लॉर्डच्या मेहेरबानीशिवाय झालेलं होतं. ते मेसेजमध्ये कुठेच नाही. याचा मला जास्त राग येतो.

"पेनिसिलिनचा शोध लावून फ्लेमिंगने जगाला औषध दिलं." अर्धं खरं. सप्टेंबर 1928 मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्याला एका काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. बशी टाकून न देता तो त्यामागे लागला. 1929 मध्ये त्याने त्यावर निबंधही छापला. पण त्या रसातून टिकाऊ, शुद्ध औषध काढणं त्याला आणि त्याच्या मदतनिसांना जमलं नाही. पुढची दहा वर्षं ते जवळपास तसंच पडून राहिलं.

औषध झालं ते ऑक्सफर्डमध्ये. हॉवर्ड फ्लोरी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, अर्न्स्ट चेन हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू, आणि नॉर्मन हीटली नावाचा हाताचा कसबी तरुण. 25 मे 1940 ला त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळी ते चार जिवंत होते, बाकीचे मेलेले. फ्रान्स पडत होता, जर्मन कधीही येतील अशी भीती होती. तेव्हा या लोकांनी आपल्या कोटांच्या अस्तराला बुरशीचे कण चोळून ठेवले. पळावं लागलं तर बुरशी तरी सोबत राहावी. युद्धामुळे भांडी मिळेनात, तर हीटलीने हॉस्पिटलची बेडपॅनं वापरून त्यात बुरशी वाढवली.

फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून दिलं गेलं. जखमेतला संसर्ग तोंडभर पसरला होता, एक डोळा काढावा लागला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून तेच पुन्हा टोचलं, तेही पुरलं नाही. 15 मार्चला तो गेला. मग फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या काढ्यावर बुरशी वाढवायची युक्ती सापडली, जास्त रस देणारी बुरशी एका सडक्या खरबुजावर मिळाली, आणि तिथून पुढे कारखाने उभे राहिले. 1945 चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून आहे. हीटलीला मिळालं नाही. मेसेजमध्ये तर फ्लोरी आणि चेनही नाहीत.

"चर्चिलचा न्यूमोनिया पेनिसिलिनने बरा झाला." नाही. डिसेंबर 1943 मध्ये तेहरानची बैठक आटोपून परतताना चर्चिल ट्युनिसजवळ, प्राचीन कार्थेजच्या जागी आजारी पडला. त्याला दिलेलं औषध होतं एम अँड बी 693, म्हणजे सल्फापिरिडिन, सल्फा जातीचं औषध. मे अँड बेकर या इंग्रज कंपनीचं, 1938 पासून वापरात असलेलं. बर्मिंगहॅमच्या चाचणीत त्याने न्यूमोनियाचे मृत्यू शंभरात 27 वरून 8 वर आणले होते. लपवाछपवी काहीच नव्हती. चर्चिलने स्वतःच जाहीरपणे एम अँड बीचं कौतुक केलं, वर डॉक्टर मोरान आणि बेडफर्ड यांच्या आद्याक्षरांवरून त्यांनाच एम अँड बी म्हणायची गंमतही केली. हे मोरान सेंट मेरीजच्या वैद्यकीय कॉलेजचे डीन होते, आणि फ्लोरी त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांवर पेनिसिलिनच्या चाचण्या करून गेले होते. मला वाटतं गोष्टीचे धागे इथेच कुठेतरी गुंतले असावेत.

आता गंमत बघा की. सल्फा जातीच्या औषधांचा शोध जर्मनीतला. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक यांनी 1932 च्या डिसेंबरात प्रोन्टोसिल हे या जातीतलं पहिलं औषध उंदरांवर तपासलं. स्वतःच्या मुलीच्या हातात सुई मोडून संसर्ग चढला, हात कापायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तेच औषध तिला दिलं आणि ती वाचली. 1939 चं नोबेल त्यांना जाहीर झालं, पण हिटलरने जर्मनांना नोबेल घ्यायला मनाई केली होती. गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, डोमाकना काही दिवस डांबलं आणि नकाराचं पत्र पाठवायला लावलं. पदक मिळालं 1947 मध्ये, बक्षिसाचे पैसे मिळाले नाहीत. चर्चिलला ज्या औषधाने वाचवलं त्याचं मूळ शत्रूच्या देशात होतं. चर्चिल आणि न्यूमोनियाचीच गोष्ट सांगायची तर ही सांगा, हिच्यात एक अक्षरही बनवावं लागत नाही. आणि ती सांगताना त्याच 1943 मध्ये, त्याच पंतप्रधानाच्या राजवटीत, बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली हेही पोरांना सांगायला हरकत नाही.

"दोघांना एकाच दफनभूमीत पुरलंय." काही मेसेजना ही शेपूट असते. फ्लेमिंगची रक्षा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आहे, चर्चिलची कबर ब्लेडन गावी. योगायोगच हवा असेल तर खरा घ्या. चर्चिल 24 जानेवारी 1965 ला गेला, वडिलांच्याच तारखेला, बरोबर सत्तर वर्षांनी.

ही कथा 1950 च्या सुमाराला अमेरिकेत मुलांच्या एका धार्मिक पुस्तकात छापलेली सापडते. ती फ्लेमिंगच्या कानावरही गेली होती, आणि त्याने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ती दंतकथा म्हणून उडवून लावली.

हे सगळं सांगितलं की समोरचा म्हणतो, "असू दे हो, बोध तर चांगला आहे ना." मला तो बोधच खटकतो. भलं कर, व्याजासकट परत मिळेल, हा हिशेब झाला. आणि माळरानावरच्या शेतकऱ्याच्या पोराने शिकायचं तर आधी एखाद्या बड्या माणसाचा पोरगा चिखलात पडायला हवा, हे आपण कुणाला शिकवतोय? ज्यांचे बाप खंडाने शेत करतात, तंबाखूच्या वखारीत राबतात, त्याच वर्गातल्या पोरांना.

बोधकथाच हवी तर लांब जायला नको. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावात सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे देवीची लस बनायची हे किती मुलांना ठाऊक आहे? 10 जानेवारी 1897 ला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळीत ती हजारो माणसांना टोचली गेली. 1902 मध्ये पंजाबातल्या एका गावात लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले, तर दोष हाफकिनच्या माथी मारला गेला आणि नाव साफ व्हायला 1907 उजाडलं. या माणसाच्या पदरात काय भलं परत आलं?

राहता राहिली एक गोष्ट. फ्लेमिंग आणि चर्चिल यांची गाठ खरंच पडली होती. जून 1946 मध्ये चर्चिलने फ्लेमिंगचा सल्ला घेतला, कारण त्याला झालेला जंतुसंसर्ग पेनिसिलिनला दाद देत नव्हता. याचा इशारा फ्लेमिंगने सहाच महिने आधी नोबेलच्या भाषणात देऊन ठेवला होता. त्यात त्याने एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. घसा दुखतो म्हणून तो मनानेच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिच्यावर औषध चालत नाही, आणि ती मरते.

तो गृहस्थ माझ्या दुकानात रोज येतो. "मागच्या वेळच्याच दोन गोळ्या द्या की वो, सगळं पाकीट नको." चिठ्ठी मागितली तर रागावतो आणि पुढच्या दुकानात जातो. तिथे त्याला मिळतात.