मोड आले म्हणून विष जात नाही

"कुठलंही धान्य पाच दिवस मोड आणून कच्चंच खा. मोड येताना बियांतलं विष संपतं, पोषण शंभरपट आणि प्रोटीन दुप्पट होतं. शिजवलं की सगळं मरतं." कोल्हापुरातल्या घरोघरच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. तो वाचून आमच्या आत्यानं चक्क शाळू भिजत घातलाय, म्हणून हे तातडीनं लिहितोय.

आधी शाळूच घेऊ. ज्वारीच्या वाळलेल्या दाण्यात धुरिन नावाचं द्रव्य जवळपास नसतं. दाणा उगवू लागला की कोंब स्वतःच्या रक्षणासाठी ते बनवतो. कोंब चावला, चिरडला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. म्हणजे इथे मोड आल्यानं विष संपत नाही, मोड आल्यामुळेच ते तयार होतं! कोवळ्या ज्वारीत गुरं का सोडत नाहीत, ते शिरोळच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ज्वारीचं माल्ट करणारेसुद्धा मोडाचे दाणे वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून काढतात, पाखडून टाकतात.

राजमा आणि घेवडा कच्चे तर मुळीच नकोत. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन मोड आल्यानं थोडं कमी होतं, पुरेसं नाही. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

ते 'शंभरपट' कुठून आलं? १९९७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फाही आणि तालाले यांच्या गटानं ब्रोकोलीचे तीन दिवसांचे कोंब तपासले. पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या तुलनेत त्यात ग्लुकोराफॅनिन हे ब्रोकोलीतलं एक द्रव्य १० ते १०० पट निघालं. तुलना मोठ्या झाडाशी होती, बीशी नव्हे. ते द्रव्य सर्वात दाट बीमध्येच असतं, कोंब वाढेल तसं विरळ होत जातं. मूग-मटकीत तर ते नसतंच.

प्रोटीनचं गणित साधं आहे. १०० ग्रॅम सुक्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रोटीन, लांब मोडांच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३. बाकी बहुतेक पाणी.

खरं आहे तेवढं मान्य करतो. मोडांत 'क' जीवनसत्त्व वाढतं, लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट फुटल्यानं ते जास्त मिळतं, गॅस करणाऱ्या साखरा घटतात. शिजवल्यावर 'क' जीवनसत्त्व बरंच जातं, पण लोह-जस्त कुठे जात नाही. उलट प्रोटीनचं पचन अडवणारी द्रव्यं मुख्यतः शिजवल्यानं नष्ट होतात. मिसळीतली उकडलेली मटकी 'मेलेली' नसते.

आणि कच्चंच खा म्हणणाऱ्यांनी २०११ चं जर्मनी आठवावं. मेथीच्या कच्च्या कोंबांतून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूनं ३,८०० च्या वर माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक गेली. उबदार, ओलं फडकं जंतूंनाही मानवतं, आणि बीच्या भेगेत बसलेला जंतू नुसत्या धुण्यानं निघत नाही.

मटकी निवडून आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, ओल्या पंच्यात सैल बांधून चाळणीत ठेवा. घट्ट बांधली, पाणी साचलं की मधले दाणे आंबतात. उन्हाळ्यात मधे एकदा धुवा. बारा ते सोळा तासांत बोटाच्या पेराच्या निम्मे मोड येतात, तेवढे पुरेत. तार सुटली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. चांगली उकळी काढून मऊ शिजवा आणि खाताना वरून लिंबू पिळा. गेलेलं 'क' तिथून परत मिळतं.