आधी नीट गरीब व्हा

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, कॉलेजही मिळालं. आता फीचा आकडा पाहून घरात जी शांतता पसरली आहे, ती मोडायला एखादा मामा पुढे येईलच. "अरे, सरकारची स्कॉलरशिप आहे ना! महाडीबीटीवर फॉर्म भर, झालं." मामाचं खरं आहे. महाडीबीटी हे राज्य सरकारचं फॉर्म भरायचं पोर्टल आहे. स्कॉलरशिप आहे. तुम्ही गरीब आहात हेही खरं आहे. फक्त या दोन खऱ्या गोष्टींची एकमेकींशी गाठ पडायला मधे थोडं काम असतं. मी त्या कामाला पदवीची तीन वर्षं आणि नंतरची दोन दिली. मधल्या वेळात परीक्षाही दिल्या.

तर पहिलं सांगायचं म्हणजे, नुसतं गरीब असून भागत नाही, मापात गरीब असावं लागतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीला घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. ती ठरली २०१३ साली. त्यानंतर गॅस, तेल, मेसचा डबा सगळं वर गेलं, ही मर्यादा मात्र गावच्या पारावरच्या म्हाताऱ्यासारखी जागची हलली नाही. हिशेब करा. वडिलांना महिना २०,८३३ रुपये मिळत असतील तर तुम्ही गरीब. २०,८३४ मिळाले तर वर्षाचे २,५०,००८ होतात आणि तुम्ही आठ रुपयांनी श्रीमंत ठरता. आठ रुपयांत कटिंगसुद्धा येत नाही, पण शेठ, आता निर्वाह भत्ता विसरा. वडिलांना पगारवाढ मिळणार असेल तर मालकाच्या हातापाया पडून ती रोखा.

खुल्या प्रवर्गातले असाल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची मर्यादा आठ लाख, म्हणजे गरिबीची ऐसपैस खोली. मात्र ती कुटुंबातल्या दोघांनाच. तुम्ही तिसरं अपत्य असाल तर जन्माला येण्याआधी शासन निर्णय वाचायला हवा होता, आता रडून उपयोग नाही. मुलगी असाल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला असाल, तर २०२४-२५ पासून या आठ लाखांच्या आत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. या दोन शुल्कांशिवाय कॉलेज कोणकोणती शुल्कं शोधून काढू शकतं, ही संशोधनाची वेगळी शाखा आहे.

आता उत्पन्नाचा दाखला. इथे घाई करू नका, कारण समोरून कुणी करणार नाही. आधी तलाठ्याचा अहवाल. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण सज्जाला, म्हणजे त्यांच्या कचेरीला, कुलूप जुनंच आहे. माझे वडील पहिल्यांदा गेले ते लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा चढवून. साहेबासमोर जायचं म्हणजे नीट नको? तलाठीभाऊसाहेबांनी चष्म्यावरून सदऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय, कसं काय चाललंय?"

वडील म्हणाले, "बरं चाललंय, तुमच्या कृपेनं."

पेन थांबलं. बरं चाललंय? मग दाखला कशाला? मला मागून त्यांचा सदरा ओढावा लागला. तीन एकर कोरडवाहू, दोन वर्षं सोयाबीन गेलेलं, सोसायटीचं कर्ज, हे सगळं मीच भडाभडा बोललो. वडील माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांची चड्डी चव्हाट्यावर वाळत घातली आहे. म्हणून सांगतो, वडिलांची तालीम आधी घरी घ्या. "बरं चाललंय" हे वाक्य वर्षातून एक दिवस बंद. सदरा मळका. चेहऱ्याला काही करावं लागत नाही, तो बापाचा आपोआप होतो.

दाखल्यासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा बाँड पाचशेचा झाला, म्हणजे "मी गरीब आहे" हे शपथेवर सांगायचे पाचशे रुपये. पुढे मार्च २०२५ मध्ये अशा दाखल्यांसाठी मुद्रांक माफ झाला. ही बातमी पेपरात आली, टीव्हीवर आली. तहसीलबाहेरच्या छत्रीखाली बसलेल्या मुद्रांकवाल्या काकांपर्यंत पोहोचायचा तिचा प्रवास अजून चालू आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. ते फक्त "असू द्या, लागतो" एवढंच म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात तहसीलदारापेक्षा जास्त वजन असतं.

यानंतर नाव. माझ्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. मराठीत ते एकाच तऱ्हेनं लिहितात आणि महाराष्ट्रात सातशे वर्षं त्यात कुणाला अडचण आली नव्हती. इंग्रजीत मात्र आधारवर ते डी-एन-वाय-ए, बँकेच्या पासबुकात जी-वाय-ए आणि माझ्या मार्कलिस्टवर सरळ डी-एन-ए. शेतकरी माणूस, कागदोपत्री प्रयोगशाळेत गेलेला. तिन्ही ज्ञानेश्वर एकच आहेत हे पोर्टलला पटवायला मला आठ महिने लागले. तेव्हा घरात कुणाचं नाव ठेवायचं असेल तर रमा, उमा, राम, असं ठेवा. ज्ञ, क्ष आणि जोडाक्षरं ही ऐपत असलेल्यांनी ठेवायची नावं आहेत.

यावरून आठवलं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी एका हुशार पदवीधराला अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, असा करार झाला, सही झाली आणि जहाज सुटलं. या पदवीधराच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गावावरून आंबडवेकर आणि शाळेच्या दप्तरात पुढे आंबेडकर. बडोद्याला तेव्हा पोर्टल नव्हतं, हे आपलं सगळ्यांचं नशीब. नाहीतर 'नावात तफावत, अर्ज परत' असा शेरा पडून भीमराव परळच्या चाळीत ओटीपीची वाट बघत बसले असते.

कागद झाले की ते स्कॅन करून चढवायचे. फाइल २५६ केबीच्या आत. फाइल लहान केली की अक्षर दिसत नाही आणि अर्ज 'कागद अस्पष्ट' म्हणून परत येतो. मोठी ठेवली तर चढतच नाही. या दोहोंच्या मधली जागा सापडलेला एकच माणूस मला माहीत आहे. तो आमच्या कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला, आणि तो ती विद्या फुकट देत नाही.

अर्ज पहिल्यांदा कॉलेजच्या लेखनिकाकडे जातो. त्यांना 'सर' म्हणा. प्राचार्यांना नाही म्हटलं तरी चालेल. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर ६३ दिवस होता. टेबलावर म्हणजे कॉम्प्युटरवर, एक बटण दाबायचं होतं. मी दर सोमवारी जायचो. ते म्हणायचे, "साइट स्लो आहे." त्याच कॉम्प्युटरवर मागे क्रिकेटचा सामना अगदी न अडकता चाललेला असायचा. साइटला जे आवडेल ते ती चालवते, आपण कोण विचारणार? दरम्यान कॉलेजनं माझ्याकडून लिहून घेतलं, की शासनाकडून पैसे न आल्यास फी मी भरेन. ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत म्हणून शासन फी देणार आहे, तो शासनानं न दिल्यास फी देणार. वाचताना मला चक्कर आली, पण हॉलतिकीट त्याच खिडकीतून मिळत होतं. मी सही केली.

पैसे कुठे जातात, हेही बघून ठेवा. खातं आधारला 'लिंक' असणं आणि 'सीड' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक बँकेतल्या मॅडमना विचारला तर त्या म्हणतात, "दोन्ही एकच." तसं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं सीड झालं, पैसा तिथे जातो. माझा पहिला हप्ता गेला सिमकार्ड घेताना छत्रीखालच्या पोरानं अंगठा घेऊन उघडलेल्या खात्यात. असं खातं आपल्या नावावर आहे हे मला तेव्हा कळलं. तरी बरं, कुठेतरी आपलं एक जादा खातं आहे या विचारानं दोन दिवस उगाच श्रीमंत वाटलं.

रकमेबद्दल कुणी विचारत नाही, तरी सांगतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत घरून ये-जा करणाऱ्या साध्या बीएच्या विद्यार्थ्याला भत्ता वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिना अडीचशे. त्याला निर्वाह भत्ता म्हणतात आणि ते बरोबरच आहे. निर्वाह होतो, झेरॉक्सवाल्याचा. ही योजना १९४४ सालची आहे, देशापेक्षा तीन वर्षांनी थोरली. या वयात तिच्याकडून धावपळीची अपेक्षा धरू नये. शिवाय तिचे ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे आणि दोन्ही वाटे वेगवेगळे येतात. बांधावरून भांडलेले भाऊ एकाच लग्नाला यावेत, पण वेगवेगळ्या दिवशी, तसे. केंद्राच्या वाट्यात कॉलेजची फीही तुमच्याच खात्यात येते, ती सात दिवसांत कॉलेजला पोचती करायची. दोन वर्षं चाललेल्या पैशाला तुमच्याकडे मुक्काम फक्त सात दिवसांचा, आणि त्या सात दिवसांत लेखनिक सर स्वतः फोन करतात. साइट तेव्हा फास्ट असते.

माझा शेवटचा हप्ता पदवी मिळून दोन वर्षं झाल्यावर आला. आला म्हणजे पोर्टलवर दिसला. 'रिडीम' दाबायचं आणि आधारच्या नंबरवर येणारा ओटीपी टाकायचा. तो नंबर मी दुसऱ्या वर्षी रिचार्जला पैसे नव्हते म्हणून सोडला होता. आता तो नांदेडकडच्या एका ट्रकचालकाकडे आहे. आधारचा नंबर बदलायला रांगेत उभं राहायचं, त्यापेक्षा मी त्यांनाच फोन लावला. आता आमची चांगली ओळख आहे. पहिल्यांदा त्यांनी शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा ओटीपी दिला. परवा तिसऱ्यांदा फोन केला तर ढाब्यावर होते. आकडे सावकाश वाचून दाखवले आणि मग म्हणाले, "दादा, माझी पोरगी यंदा बारावी झाली. त्या स्कॉलरशिपचा फॉर्म म्हणे तुमच्यासारख्यांना चांगला जमतो. काय काय लागतं?"

मी म्हटलं, "भाऊ, आधी हा नंबर सोडू नका."