जांभळा रंग उडाला म्हणजे सांध्याची सूज उतरली असं नव्हे

‘प्रयोगशाळेत सिद्ध! या पानांचा अर्क ९० टक्के फ्री रॅडिकल्स नष्ट करतो, सूज डायक्लोफेनॅकइतकीच उतरवतो, नैसर्गिक असल्याने अपाय शून्य. गोळ्या बंद करा, काढा सुरू करा.’ वनस्पतीचं नाव बदलतं, मजकूर मात्र हाच फिरत राहतो.

आधी फ्री रॅडिकल्सचे, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंचे, ते ९० टक्के. हा आकडा बहुतेक वेळा डीपीपीएच चाचणीतला असतो. डीपीपीएच हे गडद जांभळं रसायन, स्वतःच एक टिकाऊ फ्री रॅडिकल. अर्क मिसळला की ते पिवळट होतं आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण किती घटलं ते मोजतात. १९५८ पासूनची ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, पण डीपीपीएच आपल्या शरीरात कुठेच नसतं. शिवाय टक्केवारी अर्काच्या मात्रेवर ठरते. मात्रा वाढवत नेली तर फिनॉलयुक्त (फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करणारी ही द्रव्यं वनस्पतींत सर्रास असतात) कुठलंही पान नव्वदी गाठेल. म्हणून निम्मा परिणाम किती मात्रेला मिळाला आणि त्याच चाचणीत क जीवनसत्त्वाला किती लागली, हे विचारायला हवं. त्यातही अर्क बऱ्याचदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो, घरचा काढा पाण्यात उकळलेला. दोन्हींत उतरणारी द्रव्यं एकच नसतात. पोटात गेलेल्या पॉलिफिनॉलचं आतडं आणि यकृत रूपच बदलून टाकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट (फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करण्याच्या) क्षमतेची आपली यादी मागे घेतली, ती अशा आकड्यांवरून माणसाच्या आरोग्यावरचा परिणाम सांगता येत नाही म्हणूनच.

फ्री रॅडिकल्स सरसकट नष्ट व्हावेत, हेही खरं नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. जन्मतः ती क्षमता नसलेल्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. ते वर्ष १९९४.

आता ‘डायक्लोफेनॅकइतकंच’, म्हणजे सूज आणि वेदना कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळीइतकंच. माझ्या मते सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. अनेक प्रबंधांत सूजविरोधी गुण म्हणून अंड्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तापवतात आणि अर्कामुळे ते किती कमी गढूळ झालं हे ६६० नॅनोमीटरला मोजतात. तुलनेला डायक्लोफेनॅक असतं. पण डायक्लोफेनॅक सूज कमी करतं ते सायक्लोऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) रोखून, म्हणजे सूज आणणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देऊन. त्या नळीत ना ते विकर असतं, ना एकही जिवंत पेशी. डायक्लोफेनॅक ज्यासाठी घेतात ते काम तिथे घडतच नाही, मग त्याची बरोबरी कशाच्या आधारावर ठरली? अर्कातलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना चिकटतं आणि अर्काचा स्वतःचा रंगही मोजणीत मिसळतो. त्यासाठी वेगळा कोरा नमुना (अर्क आहे, पण प्रथिन नाही असा) ठेवला होता का, हे पाहावं लागतं.

यावरची पायरी भक्षक, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींची. त्यांना जिवाणूंच्या आवरणातलं द्रव्य देऊन चेतवतात आणि चेतल्यावर त्या सोडतात ते सूजेशी निगडित नायट्रिक ऑक्साइड अर्कामुळे किती घटलं ते पाहतात. ही चाचणी नक्कीच जास्त अर्थपूर्ण आहे. मात्र मेलेली पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, म्हणून पेशी जिवंत होत्या याचा पुरावा सोबत हवाच. त्यानंतर उंदरांच्या पंजाला कॅरॅजिनन या समुद्री शेवाळातल्या द्रव्याने आणलेली सूज. ती काही तासांची असते, माणसाचा संधिवात वर्षानुवर्षांचा.

‘नैसर्गिक म्हणून अपाय शून्य’ याला एकच उदाहरण पुरेसं आहे. ॲरिस्टोलोकिया वनस्पतीतल्या आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो.

या चाचण्या निरुपयोगी नाहीत. शेकडो वनस्पतींतून पुढे कशाचा अभ्यास करायचा हे निवडायला त्या हव्यातच. पण ‘गोळ्या बंद करा’ म्हणायला नियंत्रित मानवी चाचणी लागते: प्रमाणित अर्क, ठरलेली मात्रा, तुलनेसाठी दुसरा गट. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात (यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर हल्ला करते) उपचार थांबले की हाडं झिजत जातात आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि त्यांनी लिहून दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.