डाउनटाउन, दोन याद्या आणि नगर परिषदेचे मौन

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या नगर परिषदांच्या सभांचे चित्रीकरण पाहण्याची मला सवय लागली आहे. ती कोणाला समजावून सांगण्याचा नाद मी केव्हाच सोडला; पण एखाद्या गावाचा कारभार कसा चालतो हे त्या दोन-अडीच तासांत जितके कळते, तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही.

मध्यंतरी अशीच एक सभा पाहिली. गावाचे नाव लिहीत नाही, कारण हे कोणत्याही गावात घडू शकले असते. विषय होता जुन्या डाउनटाउनला, म्हणजे मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुमजली-तिमजली विटांच्या इमारतींच्या पट्ट्याला, ‘ऐतिहासिक क्षेत्र’ म्हणून नोंदवण्याचा. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटे होती. हार्डवेअरचे दुकान असलेले एक वयस्कर गृहस्थ माइकपाशी आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘उद्या माझी खिडकी बदलायची झाली, तर मी कोणाची परवानगी घ्यायची?’ प्रस्ताव केंद्र सरकारच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा होता, त्यामुळे उत्तर सोपे होते. या नोंदीमुळे कोणाचीही नाही. बांधकाम परवाना आज लागत असेल तर तो उद्याही लागेल, एवढेच. हे उत्तर कोणी दिले नाही. नियोजन अधिकारी कलमे वाचत राहिले, एका सदस्याने ‘मालकांची जी इच्छा तीच आमची’ असे सांगितले आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला.

माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. ऐकायला ते नम्र वाटते. प्रत्यक्षात ते हात झटकणे आहे.

मुळात घोळ असा की ‘ऐतिहासिक क्षेत्र’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या याद्या वावरतात. पहिली 1966 च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याने उभी राहिलेली राष्ट्रीय नोंदवही, जी नॅशनल पार्क सर्व्हिस हे केंद्र सरकारचे खाते सांभाळते. तिच्यात नाव लागले म्हणून खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने स्वतःची इमारत रंगवण्यापासून, बदलण्यापासून, फार काय पाडण्यापासूनही ती नोंद रोखत नाही. दुसरी यादी नगर परिषद स्वतःच्या अध्यादेशाने करते, आणि दात आहेत ते हिला. या क्षेत्रात बाहेरून दिसणारे काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक आयोगाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते नसेल तर परवाना अडतो. म्हणजे पहिली यादी बिरुद देते आणि दुसरी बंधन घालते. सभेत लोक दुसरीच्या भीतीने पहिलीला विरोध करतात, आणि हा गैरसमज दूर करणे ज्यांचे काम आहे ते सदस्य त्याच गैरसमजाच्या आडोशाला बसतात.

राष्ट्रीय नोंदीच्या बाबतीत मालकांची इच्छा विचारात घेण्याची व्यवस्था कायद्यातच आहे आणि तिच्यासाठी नगर परिषदेच्या सौजन्याची गरज नाही. 1980 च्या दुरुस्तीनुसार क्षेत्रातल्या खासगी मालकांपैकी बहुसंख्यांनी नोटरीसमोर सही करून आक्षेप पाठवला, तर ते क्षेत्र नोंदवहीत जाऊ शकत नाही. एका मालकाचे एकच मत, मग त्याची एक इमारत असो वा सात. आणि जो गप्प बसला त्याचा आक्षेप नाही असेच धरले जाते. मालकांचा कौल असा स्वतंत्रपणे मोजला जात असताना नगर परिषदेने तोच पुन्हा आपल्या तोंडून वदवावा, यात तिचे स्वतःचे मत कुठे राहिले?

आणि ते मत कायद्याने मागितलेले आहे. त्याच 1980 च्या दुरुस्तीने ‘प्रमाणित स्थानिक शासन’ नावाची योजना आणली. जे गाव तिच्यात सामील असते, तिथल्या जतन आयोगाचे आणि महापौरांसारख्या प्रमुख निर्वाचित पदाधिकाऱ्याचे अभिप्राय राज्याचा जतन अधिकारी मागवतो. दोघांनीही ‘नको’ म्हटले, तर कोणी अपील केल्याखेरीज प्रस्ताव तिथेच थांबतो. एकाने हो आणि दुसऱ्याने नको म्हटले, तर तो पुढे जातो. कायद्याने स्थानिक शासनाच्या शब्दाला इतके वजन दिले आहे. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने ‘लोक म्हणतील ते’ असे म्हणू नये, असे मला वाटते.

‘नको’ म्हणण्याची किंमत तरी सदस्यांनी सभेत मांडायला हवी होती. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारे काम, समजा महामार्गाचे रुंदीकरण, ऐतिहासिक इमारतींना बाधक ठरणार असेल, तर त्या परिणामाचा विचार आधी करावा लागतो. आणि हा नियम नोंदवहीत असलेल्या इमारतींइतकाच नोंदीसाठी पात्र असलेल्या इमारतींनाही लागू आहे. म्हणजे नोंद नाकारून ती तपासणी टळत नाही. बुडते ती करसवलत. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या नूतनीकरणावर केंद्रीय प्राप्तिकरात खर्चाच्या 20 टक्के सूट मिळते आणि 2017 च्या कायद्यापासून ती पाच वर्षांत समान हप्त्यांनी घ्यायची असते. मान्य खर्च 10 लाख डॉलर झाला, तर 2 लाख डॉलर, वर्षाला 40 हजार. डाउनटाउनमधल्या इमारतीला ही सवलत हवी, तर ती इमारत स्वतंत्रपणे नोंदलेली तरी हवी किंवा अशा मान्य क्षेत्राच्या ऐतिहासिक स्वरूपात भर घालणारी तरी. तपासणी राहिली आणि सवलत गेली, असा हा व्यवहार आहे.

अर्थात ही सवलत म्हणजे प्रत्येक दुकानदाराच्या गल्ल्यात पडणारा पैसा आहे असे भासवणेही खरे नाही, आणि जतनाचे उत्साही कार्यकर्ते नेमके तेच करतात. करासाठी धरलेल्या इमारतीच्या हिशेबी मूल्यापेक्षा अधिक खर्च साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि काम केंद्राच्या दहा मानकांनुसार व्हावे लागते. छपराची गळती काढणाऱ्या माणसाला यातले काही मिळणार नाही. मिळते ते पुष्कळदा अशा इमारतीला, जिच्या तळमजल्यावर दुकान चालू आहे आणि वरचे दोन मजले कित्येक वर्षे रिकामे आहेत, कारण तिथे घरे करायची तर दुसरा जिना, आगप्रतिबंधक फवारे आणि बहुधा लिफ्ट, यांचा खर्च भाड्यातून निघत नाही. डाउनटाउनचे खरे घोडे या रिकाम्या मजल्यांवर अडले आहे, आणि 20 टक्क्यांनी गणित बसते ते तिथेच.

दुसऱ्या यादीबद्दल मात्र मालकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आयोगावरची माणसे बदलली की निकाल बदलतो, लाकडी चौकटीची खिडकी दुरुस्त करणारा सुतार मिळत नाही, महिन्यातून एकदा भरणाऱ्या सभेसाठी कंत्राटदार थांबत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने परिषदेचा अधिकार पक्का आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधू न दिल्याच्या खटल्यात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराची बाजू उचलून धरली. पण अधिकार असणे आणि तो नीट वापरता येणे यांत पुष्कळ अंतर आहे. माझ्या मते छोट्या गावाने आधी फक्त पाडकामावर आणि दर्शनी भागाच्या मोठ्या बदलांवर तपासणी ठेवावी, रंगाला हात लावू नये (अनेक गावे लावत नाहीतच), किरकोळ कामांना अधिकाऱ्याच्या सहीने मंजुरी द्यावी, आणि काय चालेल हे चित्रांसह छापून लोकांच्या हाती द्यावे. एवढे करायला कर्मचारी लागतो. तो नेमायची तयारी नसेल तर परिषदेने तसे उघडपणे सांगावे आणि अध्यादेश काढू नये. अर्धवट राबवलेला अध्यादेश हा भिडस्त मालकाला लागू होतो आणि वकील असलेल्याला होत नाही.

सदस्यांच्या बोलण्यातून असे जाणवते की ही सगळी भानगड वॉशिंग्टनने त्यांच्या गळ्यात बांधली. इतिहास नेमका उलटा आहे. ऐतिहासिक क्षेत्र ही कल्पनाच नगर परिषदेची. चार्ल्स्टनने 1931 मध्ये देशातला असा पहिला अध्यादेश केला. न्यू ऑर्लिन्सने लुइझियाना राज्याच्या स्वतःच्या घटनेत दुरुस्ती झाल्यावर 1937 मध्ये फ्रेंच वस्तीसाठी आयोग नेमला. न्यूयॉर्कने 1963 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्थानक पाडायला घेतलेले पाहिले आणि 1965 मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर एका वर्षाने आला. पुढे 1977 मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत मुख्य रस्त्याच्या पुनरुज्जीवनाचा प्रयोग सुरू झाला, तोही इमारती आणि धंदा एकत्र सांभाळण्याचा.

आणखी एक गोष्ट, जी सभेत कोणी बोलत नाही. डाउनटाउनमधला एक मोठा मालक बहुधा खुद्द नगर परिषद असते. सभागृह तिचे, जुने अग्निशमन केंद्र तिचे, आणि पाडलेल्या इमारतींच्या जागी झालेले वाहनतळही पुष्कळदा तिचेच. राष्ट्रीय नोंदीवरच्या आक्षेपांच्या मोजणीत फक्त खासगी मालक धरले जातात, हे त्यामुळे बरेच झाले.

त्या सभेकडे परत येतो. गृहस्थ बोलत असताना मागच्या पडद्यावर त्यांच्या दुकानाचे छायाचित्र होते. तळमजल्यावर काच, आणि त्याच्या वर छपरापर्यंत फिक्या हिरव्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. पन्नास-साठच्या दशकांत शहराबाहेरच्या नव्या बाजारपेठांशी टक्कर देण्यासाठी मुख्य रस्त्यांवरच्या कितीतरी दुकानदारांनी विटांच्या दर्शनी भिंतींवर असे पत्रे चढवले. विटांत बोल्ट ठोकून लोखंडी सांगाडा बसवायचा, आडवा येणारा कंगोरा फोडायचा, आणि वर पत्रा मारायचा. तो आहे तोवर ती इमारत सहसा क्षेत्रात भर घालणारी धरली जात नाही, कारण तिचा चेहराच दिसत नाही. काढल्यावर आत काय शिल्लक आहे ते पाहून तो निर्णय बदलू शकतो. कुठे समान अंतरावर बोल्टची भोके पडलेली भिंत निघते, कुठे विटांवर रंगवलेले जुन्या दुकानाचे अर्धे नाव.

नियोजन अधिकाऱ्यांच्या यादीत त्या इमारतीपुढे ‘भर न घालणारी’ असे लिहिलेले होते. म्हणजे आजच्या स्थितीत सवलत नाही. पत्रा उतरवला तर कदाचित मिळेल, हे त्या गृहस्थांना कोणी सांगितले नाही, आणि त्या पत्र्याआड किती खिडक्या आहेत हे त्यांनाही कोणी विचारले नाही.