ग्लोबल शटर घेतला म्हणून एलईडी वॉल सुधारत नाही

लग्नसराई तोंडावर आली की ठाणे-नवी मुंबईतल्या शूटर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक, "उद्या पनवेलला सेकंड कॅमेरा कोण फ्री आहे?" दुसरा, "जुना कॅमेरा आत्ताच विका." सध्या या दुसऱ्या जातीचा एक लांबलचक मेसेज जिकडेतिकडे पोचलाय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ग्लोबल शटर सेन्सर (अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणारा) जगात पहिल्यांदाच आला आहे, त्यामुळे रोलिंग शटरचे (चित्र ओळीओळीने टिपणारे) कॅमेरे भंगारात गेले. स्टेजमागच्या एलईडी वॉलचे पट्टे आणि फ्लिकर (उजेडाचं लुकलुकणं) आता कायमचे बंद. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) नसेल तर अंधारात शूट करू नका. मेगापिक्सेल जितके जास्त तितका व्हिडिओ स्पष्ट. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या वर कधीच नेऊ नका. आणि नव्या सेन्सरला लेझरची भीती नाही. खाली हप्त्यांच्या योजनेसाठी फोन नंबर, हे वेगळं सांगायला नको.

एकेक मुद्दा घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देण्याची मात्र गरज नाही.

"जगात पहिल्यांदाच." नाही. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ए९ थ्री जाहीर केला, तो ग्लोबल शटर असलेला पहिला फुल फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा. पहिलेपण एवढ्यापुरतं खरं. सोनीच्याच एफ५५ या सिनेमा कॅमेऱ्यात २०१२ साली ग्लोबल शटर होता, रेड कंपनीच्या कोमोडोमध्ये २०२० साली आला. त्याहून गंमत म्हणजे आपल्यातल्या ज्या ज्येष्ठांनी सोनीच्या पीडी१७० या टेपवाल्या कॅमेऱ्यावर लग्नं शूट केली, त्यांनी हे सुख वीस वर्षांपूर्वीच भोगलंय. त्या कॅमेऱ्यात तीन सीसीडी (जुन्या जातीचे सेन्सर) होते, आणि तसल्या सीसीडीवर सगळे पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश घेणं सुरू करतात आणि एकाच क्षणी थांबवतात. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की तेव्हा अख्खं चित्र पांढरं व्हायचं, अर्धं नाही.

मग सीसीडी का गेले? वीज जास्त खायचे, वाचायला संथ होते, आणि समोर उघडा बल्ब आला की चित्रात वरपासून खालपर्यंत उभी पांढरी रेघ ओढायचे. मांडवातल्या हॅलोजनने केलेली ती रेघ अनेक घरांतल्या कॅसेटमध्ये अजून असेल. त्यांच्या जागी आलेले सीमॉस सेन्सर स्वस्त, वेगवान आणि कमी तापणारे. २००९ मध्ये सोनीच्या हँडीकॅममध्ये मागच्या बाजूने प्रकाश घेणारा एक्समॉर आर आला, म्हणजे तारांचं जाळं पिक्सेलच्या समोरून मागे गेलं आणि अंधारातलं चित्र झटकन सुधारलं. या सगळ्याची किंमत म्हणजे रोलिंग शटर. सेन्सर एकेक ओळ वाचत वरून खाली येतो. वर्गात बाई पहिल्या बाकापासून हजेरी घेत येतात आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर तिथला मुलगा जागा बदलून बसलेला असतो, तसं. ठाणे स्टेशनात न थांबणारी गाडी शूट करा, डबे तिरके दिसतील.

ओळी वाचायचा हा वेळ मात्र सगळ्या कॅमेऱ्यांत सारखा नसतो. सोनीच्या ए७एस थ्रीला फोरकेची अख्खी फ्रेम वाचायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात, ए७ फोरला साधारण २७. पहिल्यावर वरातीतला नाच शूट करताना तिरकेपणा शोधावा लागतो, दुसऱ्यावर जोरात पॅन केला (कॅमेरा आडवा फिरवला) की तो आपणहून भेटतो. दोन्ही रोलिंग शटरचेच आहेत. एकाच शब्दात दोघांना भंगारात काढणाऱ्याने दोन्ही वापरलेले नसावेत.

आता एलईडी वॉल. मेसेज विकला जातोय तो या एका वाक्यावर, म्हणून इथे जरा थांबतो.

एलईडी वॉल डोळ्यांना सतत पेटलेली दिसते, पण ती तशी नसते. प्रत्येक ठिपका सेकंदाला असंख्य वेळा चालू-बंद होतो, आणि उजेड कमी करायचा तर बंद राहण्याचा वेळ वाढवला जातो. शिवाय भाड्याच्या बहुतेक वॉलमध्ये सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत. एकच सर्किट अनेक ओळी पाळीपाळीने पेटवत जातं. आता ग्लोबल शटरचा कॅमेरा १/१००० शटरवर (सेकंदाच्या हजाराव्या भागावर) ठेवून बघा. तेवढ्या वेळात ज्या ओळी जास्त पेटल्या असतील त्या उजळ येतील, बाकीच्या मंद. हा पट्टा वॉलमधलाच आहे. कॅमेरा त्याचा फक्त प्रामाणिक फोटो काढतो.

हॉलमधल्या स्वस्त डाऊनलाइटचंही असंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. रोलिंग शटरमध्ये याचे आडवे पट्टे दिसतात. ग्लोबल शटरमध्ये पट्टे जातात आणि त्याऐवजी अख्खी फ्रेम मंद-तेज होत राहते. एडिटिंगमध्ये हे दुरुस्त करणं पट्ट्यांपेक्षा सोपं, एवढा फायदा मान्य. पण "फ्लिकर कायमचा बंद" हे साफ खोटं आहे.

फ्लिकर जातो शटरच्या आकड्याने. १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे बरोबर दोन ठोके येतात, १/१०० ठेवलं तर एक. सगळ्या फ्रेम सारख्या. गिऱ्हाईक रीलसाठी सेकंदाला ३० फ्रेम मागतं म्हणून आपण अमेरिकन यूट्यूबरचं ऐकून शटर १/६० करतो आणि गोत्यात येतो, कारण त्यांची वीज ६० हर्ट्झची. ३० फ्रेमवरही शटर १/५० च ठेवा, काही बिघडत नाही. वॉलसाठी कॅमकॉर्डरमध्ये ईसीएस आणि नव्या मिररलेसमध्ये व्हेरिएबल शटर असतं, त्यात शटरचा वेग अगदी बारीक सरकवता येतो आणि पट्टे जवळजवळ थांबवता येतात. आणि वॉलवाल्याशी बोला. वॉलच्या प्रोसेसरमध्ये रिफ्रेश रेट (वॉल सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटवते तो आकडा) १९२० वरून ३८४० करता येत असेल तर तो दोन मिनिटांत करून देतो. स्टेजवर अक्षता पडायला लागल्यावर नाही, सकाळी मांडणी चालू असताना बोला.

राहिली वॉलवरची नागमोडी नक्षी, मॉयरे. ती वॉलच्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकांवर पडून होते, शटरशी तिचा संबंधच नाही. दोन पावलं पुढे-मागे व्हा, अ‍ॅपर्चर उघडा, फोकस नवरा-नवरीवर ठेवून वॉल धूसर होऊ द्या.

ग्लोबल शटरचा खरा फायदा दुसरीकडे आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. हार घालताना चार फोटोग्राफर एकदम फ्लॅश मारतात तेव्हा रोलिंग शटरवर अर्धी फ्रेम पांढरी, अर्धी नेहमीची, असं विचित्र चित्र येतं. ग्लोबल शटरवर एक पूर्ण पांढरी फ्रेम येते, ती एडिटर काढून टाकतो. पण याची किंमत उजेडात मोजावी लागते. सगळे पिक्सेल एकदम थांबवायचे तर वाचन होईपर्यंत चार्ज साठवायला प्रत्येक पिक्सेलमध्ये वेगळी जागा लागते, आणि ती जागा पिक्सेलच्या क्षमतेतून जाते. ए९ थ्रीचा किमान आयएसओ २५० आहे, आधीच्या ए९ टूचा १०० होता. सव्वा स्टॉपहून जास्त फरक झाला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). संगीतच्या रात्री निळ्या-जांभळ्या पार लाइटखाली काम करणाऱ्याने हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा.

"फुल फ्रेम नसेल तर अंधारात शूट करू नका." हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. सेन्सरवर किती प्रकाश पडतो हे लेन्सही ठरवते; तिचा एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरच्या सोनी एफएक्स३० वर एफ १.८ लावा आणि फुल फ्रेमवर त्याच कोनाची एफ २.८, दोघांना जवळपास तेवढाच प्रकाश मिळतो.

आणि काम कोणतं, हेही बघा. गडकरी रंगायतनमध्ये मागच्या रांगेच्या मागून दोन अंकी नाटक रेकॉर्ड करायचं असेल तर मी एक इंची सेन्सरचा कॅमकॉर्डर नेईन. सोनीच्या एनएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यात बारापट झूम आहे, फुल फ्रेमच्या मापात २९ ते ३४८ मिलिमीटर. तेवढं एकाच लेन्समध्ये, अंक चालू असताना लेन्स न बदलता. फोकसची खोलीही जास्त, त्यामुळे नट दोन पावलं पुढे आला तरी धूसर होत नाही. दुसरी बाजूही सांगतो. हा "एक इंची" सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, फुल फ्रेमचं क्षेत्रफळ त्याच्या सातपटीहून जास्त. शेवटच्या झूमवर त्याची लेन्स एफ ४.५ होते, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात फुल फ्रेमच्या एफ १२ सारखी. काळोखातला एकच निळा स्पॉट असलेला प्रवेश आला की तो कॅमेरा धापा टाकतो. असे प्रवेश जास्त असतील तर फुल फ्रेम न्या, आणि लांब लेन्सचं भाडं बजेटमध्ये धरा.

मेगापिक्सेलचं लवकर उरकू. फोरके यूएचडी म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. सोनीचा एफएक्स३ साधारण १२ मेगापिक्सेलवर चालतो, पॅनासॉनिकचा जीएच५एस तर १०.२ वर. जास्त पिक्सेलचा फायदा आहे: कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या पद्धतीत (पेटंट १९७६ चं) एका पिक्सेलला एकच रंग दिसतो, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. त्यामुळे जास्त पिक्सेलच्या सेन्सरवरून ७के वाचून ४के केलं की बारकावे खरोखर चांगले येतात. पण तेवढ्या ओळी वाचायला वेळ लागतो. ए७ फोरचे २७ मिलिसेकंद तिथूनच येतात, आणि सेकंदाला ६० फ्रेमला त्याचं ४के क्रॉप होतं (कडा कापल्या जातात) तेही त्यामुळेच.

आयएसओबद्दलचं वाक्य दहा वर्षं जुनं आहे. आज अनेक सेन्सरना दोन मूळ पायऱ्या असतात. एफएक्स३ ला एस-लॉग३ मध्ये (रंग नंतर एडिटिंगला बसवायच्या सोनीच्या मोडमध्ये) ८०० आणि १२८००, एफएक्स३० ला ८०० आणि २५००. एफएक्स३ वर ८००० ठेवलं तर १२८०० पेक्षा जास्त दाणे दिसतात. "कमी आयएसओ म्हणजे स्वच्छ" या सवयीने मधेच अडकून बसणारे बरेच बघितलेत. घरी पडदे लावून, एक दिवा ठेवून, दोन्ही क्लिप शेजारी लावून बघा.

शेवटचं लेझरचं वाक्य मात्र धोकादायक आहे. ग्लोबल शटर ही वाचायची पद्धत आहे, सेन्सरपुढचा पडदा नव्हे. लेझरचा किरण लेन्समध्ये शिरला की लेन्स त्याला एका बारीक ठिपक्यावर एकवटते. तिथे रंगाचा फिल्टर किंवा खालचं सर्किट जळतं, आणि पडद्यावर कायमचा ठिपका किंवा आरपार रेघ येते. सेन्सर सीसीडी असो, रोलिंग असो, ग्लोबल असो. रेकॉर्डिंग बंद असलं तरी कॅमेरा चालू असताना मिररलेसचा सेन्सर उघडाच असतो, त्यामुळे "मी तेव्हा शूट करत नव्हतो" याचा उपयोग नाही. एनडी फिल्टर (लेन्सवरची काळसर काच) किरण कमी करतो, अडवत नाही. टेंभीनाक्याची हंडी असो की विसर्जनाची मिरवणूक, डीजेच्या गाडीवर लेझर दिसला की कॅमेरा त्याच्या रेषेतून बाजूला घ्या, लेन्सला टोपी लावा, आणि त्या गाडीचा शॉट पाठीमागून घ्या.